गिबोनला शलमोनाने नेमकं काय मागितलं?

प्रश्न असा आहे: "आमच्या मंडळीत दहावी-बारावीच्या मुलांसाठी परीक्षेआधी प्रार्थनासभा असते. यंदा शलमोन राजावर बोलायचं ठरलंय. गिबोनला स्वप्नात देव म्हणाला, काय हवं ते माग; त्याने धन मागितलं नाही, ज्ञान मागितलं. तयारी चालू असताना बारावीतल्या एका मुलीने विचारलं, 'पण आदल्याच अध्यायात त्याने स्वतःच्या भावाला मारलं ना? आणि म्हातारपणी मूर्तींच्या नादी लागला. मग ते ज्ञान गेलं कुठे?' मला उत्तर सुचलं नाही. काय सांगावं?"

त्या मुलीला आधी शाबासकी द्या. मी बावीस वर्षं जुना करार आणि हिब्रू शिकवते आहे. दर वर्षी नव्या वर्गात हा अध्याय (१ राजे, तिसरा) आला की मी मनातल्या मनात वाट बघते, मागच्या अध्यायाचं नाव कोण काढतंय. बहुतेक वर्षी कोणीच काढत नाही. रविवार शाळेपासून आपल्याला शलमोन थेट गिबोनलाच भेटतो. रात्र, स्वप्न, गुणी मुलगा, खूश झालेला देव. आधीचं पान चिकटून बसलेलं असतं.

तर आधी ते पान सोडवू. १ राजे, दुसरा अध्याय. शलमोनाचा बाप दावीद राजा अंथरुणाला खिळलाय आणि मुलाला शेवटचं सांगतोय. सुरुवात धर्माची, नियमशास्त्र पाळ वगैरे. आणि मग खालच्या आवाजात हिशेब. सेनापती यवाबाने काय काय केलं ते तुला माहीत आहे, आपल्या शहाणपणाने वाग, त्याचं पिकलेलं डोकं सुखाने अधोलोकात जाऊ देऊ नकोस. शिमीने मला शिव्याशाप दिले होते. तू शहाणा माणूस आहेस, त्याचं काय करायचं ते तुला कळेल. पुढे अध्यायभर तेच होतं. थोरला सावत्र भाऊ अदोनीया, दावीदाच्या म्हातारपणी त्याची सेवा करणाऱ्या अबीशगशी लग्न लावून द्या म्हणून शलमोनाची आई बथशेबा हिच्यामार्फत विनंती करतो. शलमोनाला त्यात सिंहासनावरचा डोळा दिसतो आणि त्याचा माणूस बनाया अदोनीयाला ठार करतो. अब्याथार याजकाला अनाथोथला घरी बसवलं जातं. यवाब आसऱ्यासाठी वेदीची शिंगं धरून बसतो, तर तिथेच कापला जातो. शिमीला यरुशलेमेबाहेर पाऊल टाकायची बंदी असते. तीन वर्षांनी तो पळालेल्या दोन गुलामांना शोधायला गथला जातो, आणि संपतो. (तीन वर्षं लक्षात ठेवा. म्हणजे हे सगळं गिबोनच्या आधी घडलं असंच नाही. लिहिणाऱ्याने मुद्दाम एका दावणीला बांधलंय.)

आता यातला एक शब्द बारकाईने बघा. दावीद दोनदा 'तू शहाणा आहेस' म्हणतो तेव्हा हिब्रूत 'होखमा' आणि 'हाखाम' हेच शब्द आहेत, ज्यांचं भाषांतर आपण पुढे भक्तिभावाने 'ज्ञान' असं करतो. म्हणजे शलमोनाकडे होखमा आधीपासूनच होती. बापाने ओळखली होती, वापरायलाही सांगितली होती. होखमा हा शब्द मुळात सोवळा नाहीच. निवासमंडपाचं, म्हणजे देवाच्या तंबूचं, नक्षीकाम करणाऱ्या बसालेलाच्या हातात जी कारागिरी आहे तीही होखमा. आणि २ शमुवेल १३ मध्ये सावत्र बहीण तामार हिला फसवून खोलीत कसं आणायचं हे दावीदाचा मुलगा अम्नोन याला शिकवणारा योनादाब, त्यालाही मूळ मजकूर 'फार हाखाम' म्हणतो. आपल्याकडे 'डोकं आहे त्याला' म्हणतात ना, तसं. डोकं कशाला लावलंय ते त्या शब्दात येत नाही.

हे धरून गिबोनला चला.

गिबोन म्हणजे आजचं अल-जीब, यरुशलेमच्या वायव्येला नऊ-दहा किलोमीटरवर. १९५६ ते १९६२ या काळात जेम्स प्रिचर्ड यांनी तिथे उत्खनन केलं, तेव्हा मातीच्या घड्यांच्या कानांवर हिब्रू अक्षरांत गावाचंच नाव कोरलेलं सापडलं. बायबलमधल्या जागांच्या बाबतीत इतकी सरळ साक्ष फार क्वचित मिळते. तिथे खडकात खोदलेलं प्रचंड गोल कुंड आहे, व्यास जवळजवळ बारा मीटर, आणि कडेकडेने खाली पाण्यापर्यंत उतरत जाणाऱ्या ७९ पायऱ्या. याच गिबोनच्या तळ्याशी यवाबाची आणि विरोधी सेनापती अबनेराची माणसं समोरासमोर बसली होती, बारा-बारा पोरं उठली आणि एकमेकांच्या कुशीत तलवारी खुपसून पडली. याच गिबोनच्या मोठ्या धोंड्याजवळ यवाबाने अमासा या दुसऱ्या सेनापतीची दाढी धरून, मुका घेण्याच्या मिषाने, त्याला भोसकलं. आणि यवाबाला मारताना शलमोनाने कारण दिलं ते त्याने मारलेल्या अबनेर आणि अमासा यांच्याच रक्ताचं. म्हणजे तो अर्पणं करायला जातो ते गाव त्याच्या घराण्याच्या जुन्या रक्ताने माखलेलं आहे. हे लिहिणाऱ्याला माहीत नव्हतं असं मला वाटत नाही.

तिथे त्याने एक हजार होमबली दिले आणि रात्री स्वप्न पडलं: माग, मी तुला काय देऊ?

असा प्रश्न विचारणारा देव त्या भागात नवा नव्हता. सीरियाच्या किनाऱ्यावर रास शामरा इथे १९२९ पासून उत्खनन झालं. तिथल्या उगारितच्या पाट्यांवर केरेत राजाची कथा आहे. सगळं घरदार गेलेला राजा रडत रडत झोपतो, स्वप्नात एल देव येतो आणि तुला काय हवं विचारतो. राजा म्हणतो, सोनं-चांदी घेऊन काय करू, मला मुलं दे. म्हणजे 'धन नको' म्हणणं ही रीत जुनी आहे. फरक आहे तो 'त्याऐवजी काय' यात.

शलमोन म्हणतो, मी लहान पोर आहे, बाहेर जाणं-आत येणं मला कळत नाही. 'बाहेर जाणं-आत येणं' हा लष्करी वाक्प्रचार, सैन्य घेऊन निघणं आणि परत आणणं. 'लहान पोर' शब्दशः घेऊ नका. हिशेब करा: शलमोनाचा मुलगा रहबाम गादीवर आला तेव्हा ४१ वर्षांचा होता (१४:२१), शलमोनाने राज्य केलं ४० वर्षं (११:४२). म्हणजे बाप राजा झाला तेव्हा पोरगं वर्षभराचं. एका लेकराचा बाप स्वतःला लेकरू म्हणवतोय. मोठ्यांसमोर आपण 'माझं काय, मी अजून शिकतोय' म्हणतो, त्यातला हा प्रकार.

आणि मग तिसऱ्या अध्यायाचं नववं वचन. आपण सगळे म्हणतो की त्याने ज्ञान मागितलं. त्या वचनात होखमा हा शब्दच नाही. त्याने मागितलंय 'लेव शोमेआ'. लेव म्हणजे हृदय. पण त्या काळी विचार करायची जागाही हृदयच, डोकं नव्हे. शोमेआ म्हणजे ऐकणारं. ऐकणारं हृदय. कशासाठी? तुझ्या लोकांचा न्याय करण्यासाठी, बरं-वाईट यांत निवड करण्यासाठी. अकराव्या वचनात देवही तेच परत म्हणतो: तू 'न्याय ऐकण्यासाठी' समज मागितलीस. हाखाम हा शब्द येतो तो बाराव्या वचनात, देवाच्या तोंडी. मागितलं ते कान, मिळालं ते शहाणपण.

मग आपल्या डोक्यात 'ज्ञान मागितलं' कुठून बसलं? २ इतिहास, पहिल्या अध्यायातून. तिथे हाच प्रसंग आहे, पण मागणी सरळ 'होखमा आणि माद्दा', म्हणजे ज्ञान आणि माहिती अशी होऊन जाते. ऐकणारं हृदय गायब. इतिहासाचं पुस्तक बाबेलच्या बंदिवासानंतरचं. त्यात अदोनीयाचा खून नाही, यवाबाचा नाही, शेवटी मूर्तींच्या मागे लागणारा म्हातारा राजाही नाही. दोन बायकांचा न्यायनिवाडासुद्धा नाही. धुऊन इस्त्री केलेला शलमोन. आपण प्रवचनात बहुधा हाच वापरतो आणि वचन मात्र राजे या पुस्तकातलं वाचतो. तुमच्या त्या मुलीने दोन्ही टोकांची शिवण उसवली.

'शोमेआ'चा धातू तुम्ही ऐकलेला आहे, कदाचित लक्षात आलं नसेल. 'शमा इस्राएल', हे इस्राएला, ऐक, यातला 'शमा' तोच. आणि इथे कोकणाची आठवण काढल्याशिवाय मला राहवत नाही. अलिबाग-रोहा पट्ट्यातले बेने इस्राएल, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावाने ज्यांना 'शनिवार तेली' म्हटलं, त्यांची परंपरा सांगते की पिढ्यान्‌पिढ्या ग्रंथ हाताशी नसताना त्यांच्या तोंडी टिकून राहिली ती शमा ही प्रार्थना. बाकी सगळं विसरलं तरी 'ऐक' विसरलं नाही. शलमोनाची मागणी त्याच शब्दावर उभी आहे, एवढंच मला म्हणायचंय.

मिसरातही हीच नाडी सापडते. प्ताहहोतेप या वजिराच्या नावावर जो प्राचीन उपदेश आहे, त्याच्या अखेरीस ऐकण्यावर लांबलचक भाग आहे: माणूस ऐकणारा होतो की न ऐकणारा, हे त्याचं हृदय ठरवतं. तिसरा अध्याय शलमोनाच्या फारोच्या मुलीशी झालेल्या लग्नाने उघडतो हे पाहता हा योगायोग गमतीचा आहे. त्याहून जास्त ताणू नये.

अकराव्या वचनातला एक काटा राहिला. देव म्हणतो, तू दीर्घायुष्य मागितलं नाहीस, धन मागितलं नाहीस, शत्रूंचे प्राण मागितले नाहीस. आता दुसरा अध्याय वाचून आलेल्याने हे वाचताना काय करावं? मोठमोठे शत्रू तर आटोपलेलेच होते. मागायला उरलं होतं काय! काही विद्यार्थी इथे हसतात, काही रागावतात. मला दोन्ही चालतं. देव त्या रक्ताबद्दल गिबोनला चकार शब्द काढत नाही, शाबासकीही देत नाही. धन आणि मान तो न मागता देतो. दीर्घायुष्याला मात्र अट घालतो, 'माझ्या मार्गाने चाललास तर'. ती अट सहसा कोणी मोठ्याने वाचत नाही.

लगेच पुढे दोन बायका येतात. वेश्या, असं मजकूर सरळ म्हणतो. एकाच घरात राहणाऱ्या, तीन दिवसांच्या अंतराने बाळंत झालेल्या. रात्री एकीचं मूल अंगाखाली येऊन गेलं. घरात तिसरं कोणी नव्हतं, म्हणजे साक्षीदार शून्य; आणि नियमशास्त्राला दोन-तीन साक्षीदार लागतात. कुठल्याही चावडीवर हा दावा त्याच दिवशी निकालात निघाला असता: पुरावा नाही, चला.

सगळ्यांना आठवते ती तलवार. मला विचाराल तर खरी गोष्ट त्याआधीच्या तेविसाव्या वचनात आहे, जे वाचताना आपण घाई करतो. दोघी राजासमोर भांडताहेत. राजा काय करतो? म्हणतो, ही म्हणते, जिवंत आहे तो माझा मुलगा, मेला तो तुझा. ती म्हणते, नाही, मेला तो तुझा, जिवंत आहे तो माझा. बस. स्वतःचं एक अक्षर न घालता दोघींचं म्हणणं, जवळजवळ त्यांच्याच शब्दांत, त्यांना परत ऐकवतो. वकिली करणारा एक विद्यार्थी मला एकदा म्हणाला होता, मॅडम, साक्षीदाराला त्याचीच जबानी वाचून दाखवली की तो कसा बदलतो ते कोर्टात येऊन बघा. ऐकणारं हृदय दिसतं कसं, तर असं. तलवार त्यानंतर.

आणि मग खऱ्या आईचं आतडं तुटतं. हे मराठी मी मुद्दाम वापरतेय, कारण इथे हिब्रू शब्द आहे 'रहामीम', दया, आणि तो आहे 'रेहेम'चा, म्हणजे गर्भाशयाचा, सख्खा. पोटातली माया. आपल्या भाषेत हे जितकं नेमकं बसतं तितकं फार थोड्या भाषांत बसत असेल.

अशीच कथा आपल्याकडे पाली जातकांत आहे. महोसध नावाचा बोधिसत्त्व जमिनीवर रेघ ओढतो, मूल मधे ठेवतो आणि दोघींना ओढायला सांगतो. मूल रडलं की जी सोडते ती आई. तुमच्या सभेत कोणी ती सांगितली तर गोंधळू नका. कोणी कोणाची घेतली यावर मी वर्गात वेळ घालवत नाही.

आता मुलीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, ज्ञान गेलं कुठे.

तिसरा अध्याय संपल्यावर पुढचे आठ अध्याय चाळा आणि एकच गोष्ट शोधा: यानंतर साधा माणूस गाऱ्हाणं घेऊन शलमोनासमोर कधी उभा राहिला? मला एकही सापडलेला नाही. सोरचा राजा हीराम येतो, शबाची राणी येते, व्यापारी येतात, सोनं येतं. आणि 'ऐकणे' हे क्रियापद? ते आहे, पण त्याची दिशा फिरलीय. चौथ्या अध्यायाच्या शेवटी सगळ्या राष्ट्रांतून लोक शलमोनाचं ज्ञान ऐकायला येतात. दहाव्या अध्यायात शबाची राणी म्हणते, तुमचे हे सेवक धन्य, जे सतत तुमच्यासमोर उभे राहून तुमचं ज्ञान ऐकतात. त्याच अध्यायात पुढे सगळी पृथ्वी त्याचं ऐकायला येते. ज्याने ऐकणारं हृदय मागितलं होतं तो आता फक्त ऐकवतोय. ३,००० नीतिवचनं, १,००५ गीतं. होखमा कुठे गेलेली नाही, ती भरभरून आहे. शोमेआ तेवढं उरलेलं नाही.

दरम्यान खर्च बघा. एका दिवसाचं मुदपाकखान्याचं साहित्य: ३० कोर सपीठ, ६० कोर पीठ, दहा पुष्ट बैल, वीस कुरणातले बैल, शंभर मेंढरं, वर हरणं आणि पक्षी. कोर दोनशे लिटरच्या आसपास धरला तरी पीठच अठरा हजार लिटर होतं, रोज. त्यासाठी राज्याचे बारा भाग पाडले, प्रत्येकावर एकेक महिना. लबानोनात लाकूडतोडीला ३०,००० माणसं वेठीला धरली, महिन्याला दहा हजार अशा पाळीने, वर मुकादम अदोनीराम. देऊळ सात वर्षांत झालं, राजवाड्याला तेरा लागली. अनुवाद या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात राजाने घोडे, बायका आणि सोनं-रुपं फार वाढवू नये म्हटलंय. राजे पुस्तकाच्या दहाव्या-अकराव्या अध्यायांत नेमकी तीच यादी येते: १,४०० रथ, वर्षाला ६६६ किक्कार (वजनाचं जुनं माप) सोनं, ७०० राण्या आणि ३०० उपपत्नी. लिहिणारा कुठे ओरडत नाही. नुसता आकडे मांडत जातो. मूर्तिपूजा त्यानंतर, अकराव्यात. आपण शेवटचं पाऊल तेवढं पाहतो आणि सगळा दोष परदेशी बायकांवर टाकून मोकळे होतो.

कोणी विचारेल, हे सगळं खरंच घडलं का. शलमोनाचं नाव असलेला त्याच्या हयातीतला शिलालेख मिळालेला नाही. १९९३ मध्ये तेल दान इथे सापडलेल्या लेखात 'दावीदाचं घराणं' आहे, तो शंभरेक वर्षांनंतरचा. वैभव किती खरं यावर पुरातत्त्ववाल्यांचे दोन तट आहेत. परीक्षेच्या सभेत तिकडे शिरू नका.

शेवटचा धागा बाराव्या अध्यायात आहे. शलमोन गेला. शखेमला लोक जमले आणि रहबामाला म्हणाले, तुझ्या बापाने आमच्यावर भारी जोखड ठेवलं, ते हलकं कर. (नवव्या अध्यायात लिहिलंय की इस्राएल लोकांना त्याने दास केलं नाही. शखेमचे लोक वेगळं सांगतात. मी त्यांच्या बाजूने.) म्हातारे सल्लागार म्हणाले, आज यांचा सेवक हो, गोड बोल. बरोबरीची पोरं म्हणाली, सांग त्यांना, माझी करंगळी बापाच्या कमरेहून जाड आहे. त्याने चाबकाने मारलं, मी विंचवांनी मारीन. रहबामाने पोरांचं उचललं. पंधरावं वचन हिब्रूत उघडलं की पहिलाच शब्द 'नाही', दुसरा 'ऐकलं'. राजाने लोकांचं ऐकलं नाही. धातू तोच, शमा. मग वसुलीला धाडला तो वेठीचाच मुकादम, आणि लोकांनी त्याला दगडांनी ठेचला. इस्राएलच्या बारा वंशांपैकी दहा राज्यातून फुटून गेले.

तर मुलीला सांगा: भावाला मारायला लागली ती हुशारी त्याच्याकडे आधीच होती, गिबोनला त्याने वेगळं काहीतरी मागितलं. ते मिळालं, दोन बायकांच्या दिवशी दिसलंही. पुढे ते वापरल्याचा दाखला नाही. तो खून देवाला चालला का, असं ती विचारेलच. मजकूर गप्प आहे, तुम्हीही गप्प राहा. तिथे शहाणपणा करून बचाव मांडू नका.

पेपर सोपा जावा म्हणून ही प्रार्थना तुम्ही मुलांकडून पाठ करून घेणार असाल तर माझी हरकत आहे, पण भांडणार नाही. त्यापेक्षा हे करा. तीन मुलांना उभं करा, दोघी बायका आणि राजा, आणि न्यायनिवाडा मोठ्याने वाचायला लावा. तेविसावं वचन राजाने सावकाश, दोघींकडे आळीपाळीने बघत वाचायचं. आणि सत्ताविसावं आलं की थांबायचं. हिब्रूत तिथे फक्त एवढंच आहे: 'हिला द्या जिवंत मूल, मारू नका, ही त्याची आई.' कुठल्या 'हिला' ते लिहिलेलं नाही, आणि शेवटचं बोललेली बाई तर 'कापा' म्हणणारी आहे. बरीच भाषांतरं आपल्या पदरचं 'पहिलीला' घालून टाकतात. तुम्ही घालू नका. राजा झालेल्या मुलाला बोटही दाखवू देऊ नका.